एक पद आणि चार प्रभार: नागपूरच्या महाविद्यालयातल्या समुपदेशक नेमणुकीचं प्रकरण

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचा तपास हा त्या खटल्याचा मूळ विषय होता. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांनी तपास सीबीआयकडे सोपवला आणि तेवढ्यावर न थांबता देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यातली एक सूचना.

महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्यांसाठी गेल्या कित्येक वर्षांत एवढी मोठी बातमी आली नव्हती. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्रात एमए करून कामाच्या शोधात असलेल्या मुलामुलींसाठी ही संधीही आहे. पण पद निर्माण होणं आणि काम उभं राहणं यांत बरंच अंतर असतं. ते अंतर कुठे पडतं हे दिसावं म्हणून हे प्रकरण मांडतो आहे. प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. महाविद्यालय आणि माणसं कोणा एकाची नाहीत. नियम, योजना आणि सरकारी कार्यालयं मात्र खरी आहेत, आणि विदर्भातल्या अनुदानित महाविद्यालयात ज्याने चार वर्षं काढली आहेत त्याला यातले प्रसंग ओळखीचे वाटतील.

महाविद्यालय

नागपूरच्या पूर्व भागातलं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न, कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखांचं अनुदानित महाविद्यालय. पटावर साधारण २,४०० विद्यार्थी. निम्म्याहून जास्त मुलं उमरेड, कुही, भिवापूर, मौदा या भागांतली. काही रोज एसटीने ये-जा करतात, काही नंदनवन किंवा सक्करदऱ्याला खोली करून राहतात. घरी दोन-चार एकर, त्यात सोयाबीन, धान किंवा कापूस. बहुतेकांच्या घरातून महाविद्यालयात पोचलेली ही पहिलीच पिढी.

विद्यार्थ्यांशी संबंधित सगळी कामं इथे अतिरिक्त प्रभारावर चालतात. इतिहासाचे सर विद्यार्थी विकास अधिकारी आहेत आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारीही आहेत. म्हणजे १०० स्वयंसेवकांचं युनिट, प्रत्येकाचे वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर, हे सगळं शिकवण्याचे तास सांभाळून. वाणिज्यच्या मॅडम लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती पाहतात. रॅगिंगविरोधी समिती आहे, विद्यार्थी तक्रार निवारण समितीही आहे, आणि दोन्हींच्या बैठकांची इतिवृत्तं नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, पाचव्या निकषाच्या (विद्यार्थी साहाय्य) फाईलमध्ये व्यवस्थित लावलेली आहेत. शिष्यवृत्तीची खिडकी एकच, आणि तिथे बसणारे बाबूही एकच.

या माणसांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. इतिहासाच्या सरांनी स्वतःच्या खिशातून मुलांचे परीक्षा अर्ज भरलेले आहेत. पण तळमळीला वेळ लागतो, आणि तोच त्यांच्याकडे नाही.

पहिली जाहिरात

निकालाची बातमी आल्यावर प्राचार्यांनी विषय संस्थेपुढे ठेवला. संस्थेच्या सचिवांची अडचण खोटी नव्हती. समुपदेशकाचं पद शासनाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, नाही, त्यामुळे पगाराला अनुदान नाही. पैसा संस्थेनेच उभा करायचा. मग एवढा खर्च करतोच आहोत तर त्या माणसाकडून आणखी काय काय करून घेता येईल, हा विचार ओघानेच आला. जाहिरातीच्या मसुद्यात पदाचं नाव होतं ‘समुपदेशक तथा प्लेसमेंट समन्वयक’. कामांमध्ये समुपदेशन, कॅम्पस मुलाखती, नॅकची कागदपत्रं आणि ‘प्राचार्य वेळोवेळी सांगतील ती इतर कामे’. करार ११ महिन्यांचा, मानधन दरमहा १५,००० रुपये.

माझ्या मते प्रकरणातली खरी चूक इथेच आहे, पुढे कुठेही नाही. ज्या महाविद्यालयाचं दुखणंच अतिरिक्त प्रभार हे होतं, त्याने नवं पद निर्माण करताना त्यालाही जन्मतःच चार प्रभार दिले. न्यायालयाच्या सूचनेतला ‘किमान एक’ हा आकडा पाळला गेला असता, आणि २,४०० मुलांसाठी मोकळा असलेला माणूस पुन्हा कोणीच नसता.

नागपुरात या कामासाठी योग्य माणसं मिळत नाहीत अशी स्थिती नाही. मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय इथून वर्षानुवर्षं शिकलेली माणसं बाहेर पडत आहेत, आणि मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं, प्रादेशिक मनोरुग्णालय अशी क्षेत्रकार्याची ठिकाणं शहरातच आहेत. निवड झाली तीही अशीच एक एमएसडब्ल्यू झालेली मुलगी होती, मेडिकलच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात क्षेत्रकार्य केलेली. मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का’ असं म्हटल्यावर तिने मानधनाचं काही काढलं नाही. तिने विचारलं, “मी बसणार कुठे? मला भेटायला आलेल्या मुलांची नोंद कोण पाहणार? आणि एखादं मूल धोक्यात आहे असं दिसलं, तर रात्री दहा वाजता मी फोन कोणाला करायचा?”

प्राचार्यांकडे त्या दिवशी फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं: परीक्षा विभागाला लागून असलेली खोली. तिने ती नाकारली. परीक्षा विभागासमोर दिवसभर रांग असते, आणि ‘समुपदेशन’ अशी पाटी असलेल्या दारात सगळ्या वर्गादेखत कोणी शिरत नाही. शेवटी ग्रंथालयाच्या मागची, पुस्तकं बांधणीला ठेवायची एक लहान खोली रिकामी करून मिळाली. ग्रंथालयात कोण कशासाठी चाललंय याकडे कोणाचं लक्ष नसतं. दोन खुर्च्या, एक कूलर आणि नीट बंद होणारं दार. कामाला एवढंच लागत होतं.

शिष्यवृत्तीच्या खिडकीशी

पहिले काही आठवडे फारसं कोणी आलं नाही. मग तिने एक गोष्ट केली जी कुठल्याही कामाच्या यादीत नव्हती. रोज सकाळी तासभर ती शिष्यवृत्तीच्या खिडकीशेजारी खुर्ची टाकून बसू लागली. बाबूंना आधी ते आवडलं नाही. आपल्यावर लक्ष ठेवायला बसवलंय असं त्यांना वाटलं. पण अर्ज परत का आला हे मुलांना समजावून सांगायचं काम ती करू लागली तशी खिडकीवरची वादावादी कमी झाली, आणि मग बाबूच म्हणू लागले, “मॅडमला विचार, त्या बसल्या आहेत ना.”

त्या तासातून पुढच्या खोलीतली गर्दी तयार झाली. प्रकरणातला मुलगाही तिथूनच आला.

तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, कुही तालुक्यातला, अनुसूचित जातीचा, नंदनवनला दोघांत खोली करून राहणारा. सप्टेंबरपासून वर्गात जवळपास दिसलाच नाही. मेंटॉर असलेल्या सरांनी त्याचं नाव समुपदेशकाकडे पाठवताना शेरा लिहिला होता: ‘डिप्रेशन वाटते. मोबाईलचा अतिवापर.’ बोलावल्यावर तो आला नाही. चार-पाच दिवसांनी खिडकीवर मात्र आला, स्वाधारचे पैसे कधी येणार हे विचारायला.

“झोप येत नाही जी मॅडम,” एवढंच तो खोलीत आल्यावर म्हणाला. नंतर बराच वेळ काही नाही.

त्याच्याकडून हळूहळू जे कळलं ते असं. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून खोली, जेवण आणि निर्वाहासाठी रक्कम मिळते. नागपुरात ती वर्षाला ६०,००० रुपये. त्याचा अर्ज मंजूर होता, पैसे मात्र हातात पडत नव्हते. खोलीचं दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. दुसरीकडे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा केंद्राचा हिस्सा. या योजनेत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के, आणि २०२१-२२ पासून केंद्राचा हिस्सा महाविद्यालयाकडे न येता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यातली फी सात दिवसांत महाविद्यालयात भरायची असा नियम आहे. त्याच्या मागच्या वर्षाच्या हिश्शाची रक्कम जूनमध्ये आली. जून म्हणजे पेरणीचे दिवस. वडिलांनी बियाण्याला आणि खताला लावली, पीक आल्यावर भरू म्हणून. महाविद्यालयाच्या वहीत तो थकबाकीदार झाला. थकबाकी भरल्याशिवाय हिवाळी परीक्षेचा अर्ज पुढे जाणार नाही असं त्याला कोणीतरी सांगितलं, तेव्हापासून तो महाविद्यालयाकडे फिरकेना. हजेरी घटली. आणि स्वाधार चालू राहायला पुरेशी हजेरी लागते.

असा हा फास. पैसा नाही म्हणून हजेरी नाही, हजेरी नाही म्हणून पैसा थांबण्याची भीती. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं फक्त शेवटचं टोक दिसतं: तोंड लपवणारा, मोबाईलमध्ये डोकं घातलेला मुलगा.

तिने पैशाचं सगळं ऐकून घेतलं, पण आधी त्याच्या जिवाबद्दल विचारलं. सरळ शब्दांत विचारलं, की जीव द्यावा असं मनात येतं का. असं विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात ही समजूत अनेक शिक्षकांच्याही मनात घट्ट आहे, आणि ती चुकीची आहे. तो म्हणाला, “कधी कधी वाटते, गावाकडेही जाऊ नये अन् इथंही राहू नये.” ठरवलेला मार्ग किंवा तयारी नव्हती. एकटं वाटलं तर काय करायचं, कोणाकडे जायचं हे दोघांनी कागदावर लिहिलं. खोलीतल्या जोडीदाराला सांगायचं का, हे त्यालाच ठरवू दिलं. त्याच्या संमतीने उमरेडच्या मामांना फोन केला. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये साठवून दिला. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. दोन दिवसांनी मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात ती स्वतः सोबत गेली.

पैशाचा शोध त्यानंतर. स्वाधारची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि अर्जावर कोणतंही खातं लिहिलं तरी सर्वात शेवटी जे खातं आधारशी जोडलं गेलं तिथेच ती पडते. दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात चौकशी केली तेव्हा कळलं की पहिला हप्ता वर्ग झालेला आहे. तो होता सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा लावून उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात. असं खातं आपल्या नावावर आहे हेही त्या मुलाला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट एकट्याची नाही. शिष्यवृत्ती ‘आली नाही’ म्हणणाऱ्या मुलांचं आधार कुठल्या बँकेशी जोडलंय, हे तपासायला मोबाईलवर फार तर पाच मिनिटं लागतात. हे काम समुपदेशकाचं आहे का, असा वाद नंतर झाला. माझं उत्तर स्वच्छ ‘हो’ असं आहे. त्या मुलाच्या झोपेवर या पाच मिनिटांचा जेवढा परिणाम झाला तेवढा दुसऱ्या कशाचा झाला असता असं मला वाटत नाही.

थकबाकीचं प्रकरण तिने विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे नेलं. ही समिती कागदावर होती, पण तिच्याकडे कधी कोणी आलंच नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांनुसार शिष्यवृत्ती न मिळणं किंवा उशिरा मिळणं ही तक्रार याच समितीच्या कक्षेत येते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिथे समाधान झालं नाही तर विद्यार्थी विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करू शकतो. बैठक झाली. फी तीन हप्त्यांत घ्यायचं ठरलं, परीक्षेचा अर्ज विलंब शुल्कासह गेला. सगळं काही सुटलं नाही. एका विषयाच्या सरांनी हजेरीत सूट द्यायला नकार दिला. “नियम सगळ्यांना सारखा,” हे त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्यही होतं. तो विषय मागे राहिला. मुलगा परीक्षेला बसला.

नावांची यादी

डिसेंबरमध्ये पाचव्या निकषाच्या समन्वयकांनी समुपदेशन कक्षाचा अहवाल मागितला: विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, भेटीचं कारण, सही आणि शक्य असल्यास जिओटॅग केलेला फोटो. मागणारे समन्वयक वाईट माणूस नव्हते. प्रत्येक कार्यक्रमाचा पुरावा असाच गोळा करायची त्यांना सवय झालेली. तिने नकार दिला आणि महिनावार आकडे दिले: किती मुलं आली, किती मुली, आर्थिक कारणं किती, परीक्षेची किती, घरची किती, दवाखान्यात किती पाठवली. वरच्या निकालातल्या सूचनेतही ओळख उघड न करता नोंदी ठेवून वार्षिक अहवाल करायला सांगितलं आहे, आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा हक्क मानला आहे, हे तिने पत्रात लिहिलं. मुलांना यातलं एक वाक्यही माहीत नसतं. पण नाव फाईलमध्ये गेल्याची कुजबूज एकदा झाली, की ग्रंथालयामागच्या त्या खोलीत पुन्हा कोणी पाऊल टाकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

प्राचार्यांनी तिची बाजू घेतली. माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणात त्यांचा सर्वात मोलाचा निर्णय हाच. मेंटॉर सरांनीही एकदा विचारलं होतं, “काय म्हणाला तो?” त्यावर तिचं उत्तर होतं, “येतोय सर, काम सुरू आहे.” सर दुखावले. पुढे तिने मेंटॉरांसाठी एक दुपार ठेवली आणि कोणती चिन्हं दिसली तर लगेच पाठवायचं, पाठवताना शेऱ्यात निदान का लिहायचं नाही, हे बोलून घेतलं. त्यानंतरच्या चिठ्ठ्यांवर ‘डिप्रेशन’ऐवजी ‘तीन आठवडे गैरहजर, डबा आणत नाही’ असं लिहून येऊ लागलं. असा शेरा खरोखर उपयोगाचा.

करारावर सही करण्याआधी

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना या प्रकरणातून काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत. जागा निघतील, निकालाने ते पक्कं केलं आहे. २४ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं, त्याच्या शिफारशींकडेही लक्ष ठेवायला हवं. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्या, असंही जुलैचा निकाल सांगतो. म्हणजे पूर्णवेळ नोकरीखेरीज हाही कामाचा एक मार्ग आहे, आणि प्रमाणित प्रशिक्षकांची गरज नागपूरइतकीच भंडारा, गोंदिया, वर्ध्यालाही पडणार आहे. आपण कोण आहोत हे मात्र नेमकं सांगा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्रातली एमए पदवी म्हणजे ती नव्हे. एमएसडब्ल्यू झालेल्या माणसाला कार्यालयांची दारं ठाऊक असतात, आणि आपल्याकडच्या मुलांसाठी ती जमेची मोठी बाजू आहे.

आणि पद स्वीकारण्याआधी त्या मुलीने विचारलेले तीन प्रश्न विचाराच. मानधनाची घासाघीस नंतरही करता येते. बंद होणारं दार आणि नोंदींवरचा ताबा एकदा गेला की परत मिळवणं फार अवघड असतं.

मार्चची बैठक

कराराचे ११ महिने संपायच्या आत प्राचार्यांनी पदाचं टिपण संस्थेपुढे ठेवलं. सचिवांनी सुचवलं की प्रत्येक विद्यार्थ्याकडून १०० रुपये समुपदेशन शुल्क घ्यावं. २,४०० विद्यार्थ्यांचे २,४०,००० रुपये होतात, पगार निघतो. प्राचार्यांनी विरोध केला. ज्याला या खोलीची सर्वात जास्त गरज आहे तोच आधीपासून थकबाकीत असतो, त्याच्या नावावर आणखी १०० रुपये चढवायचे नाहीत, असं ते म्हणाले. संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयासोबत एकच समुपदेशक अर्धा-अर्धा वाटून घ्यावा हा पर्यायही आला. दोन्हीकडे पट १०० च्या कितीतरी वर असल्याने तो टिकला नाही.

ठराव झाला तो असा. पदाच्या नावातून प्लेसमेंट गेलं आणि नॅकची कागदपत्रं कामांमधून वगळली. उन्हाळ्यात गावोगाव फिरून प्रवेश गोळा करायच्या मोहिमेत समुपदेशकाला घ्यायचं नाही. शिष्यवृत्तीच्या खिडकीवरचा रोजचा तास कामाच्या वेळेत धरायचा. धोक्याच्या प्रसंगी कोणी कोणाला कळवायचं याचा लेखी क्रम लावला: समुपदेशक, मग प्राचार्य, मग मेडिकल, आणि पालकांना कधी सांगायचं हेही. मानधन २२,००० रुपये, करार १२ महिन्यांचा, खर्च संस्थेच्या निधीतून. कर्मचाऱ्यांच्या दोन प्रशिक्षणांसाठी लागणारी रक्कम अंदाजपत्रकात धरलेली नव्हती. तो विषय जूनच्या बैठकीत घ्यायचं ठरलं, आणि त्याआधी शहरातल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांकडून दरपत्रकं मागवायला मोठ्या बाबूंना सांगण्यात आलं.